प्रारब्ध आणि मतविभागणी

मूल जन्मल्यानंतरच्या पाचव्या रात्री सटवाई येऊन त्याच्या कपाळी त्याचे प्रारब्ध लिहून जाते, ही श्रद्धा जळगाव-धुळ्याकडच्या खेड्यांतून अद्याप मावळलेली नाही. पाट्याची पूजा होते, आणि शेजारी कोरा कागद व लेखणी ठेवली जाते. ही श्रद्धा बाळापुरती राहती, तर तिच्याशी तंटा करण्याचे कारण नव्हते. परंतु पाचवीच्या आतच बाळंतीण दगावली, म्हणजे ‘तिची शिदोरीच तेवढी होती’ असे म्हणून प्रकरण दप्तरबंद करण्याची जी सवय आपल्या समाजाच्या अंगवळणी पडली, ती धर्मजिज्ञासूने तपासून पाहण्याजोगी आहे; कारण कर्मसिद्धान्ताच्या नावाने दिलेला हा निकाल खुद्द त्या सिद्धान्तास कितपत मान्य आहे, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही.

वेदान्त्यांनी कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भेद केले, आणि धनुष्यातून सुटलेला बाण ते प्रारब्ध, हाती धरलेला बाण ते क्रियमाण, असा दृष्टान्त दिला. सुटलेल्या बाणावर इलाज नाही, हे आपण पाठ केले. हातातला बाण मात्र सोयीस्करपणे विसरलो. अमळनेरास प्रतापशेठजींच्या औदार्यातून १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले आणि अद्वैताचे अध्ययन तेथे निष्ठेने चालले. त्याच शेठजींची कापडगिरणीही त्याच गावात होती. सर्वाभूती एकच आत्मा आहे असे ज्या गावात सिद्ध होत होते, त्याच गावात गिरणीचा भोंगाही होत होता. गिरणीतल्या गर्भवतीने कोणत्या दिवसापर्यंत उभ्याने काम करावे आणि त्यानंतरच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई कोणी करावी, हा प्रश्न ब्रह्मसूत्राच्या भाष्यात सापडणारा नव्हता. तो विधिमंडळातच विचारावा लागणार होता.

तो विचारला गेला १९२८ च्या जुलैत. मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती-भत्त्याचे बिल आले असता डॉ. आंबेडकरांनी त्यास पाठिंबा देताना जी मांडणी केली, तिचा आशय असा की, प्रसूतीच्या आधी व नंतर मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, सबब तिच्या खर्चाचा मोठा भार वस्तुतः सरकारने उचलावयास हवा. तथापि तिच्या श्रमातून नफा मिळवणाऱ्या मालकासही त्यातून अंग काढून घेता येणार नाही. बोलणारा सभासद सरकारनियुक्त होता, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. विरोध हा बसावयाच्या बाकावरून ठरत नाही. पुढल्या वर्षी कायदा झाला, आणि बाळंतपण ही गोष्ट प्रथमच सरकारी कागदावर कोणाच्या तरी देण्याच्या बाजूस मांडली गेली.

पण माझ्या दृष्टीने अधिक विचारणीय आहे तो जिंकलेला नव्हे, तर हरलेला प्रसंग. १९३६ च्या डिसेंबरात पूर्व खानदेशातील फैजपुरास काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. पुढल्या वर्षी तोच पक्ष प्रांतात सत्तारूढ झाला, आणि आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष १७५ जणांच्या असेंब्लीत विरोधी बाकांवर बसला. पूर्व खानदेशातून आलेले दौलतराव जाधव त्याच पक्षाचे. (३१ जुलै १९३७ रोजी एका खटल्याच्या कामानिमित्त धुळ्यास आले असता बाबासाहेब लळिंगच्या कुरणातील लांडोर बंगल्यात उतरले होते, आणि त्या तारखेस तेथे आजही दरसाल लोक लोटतात, परंतु स्मरणयात्रेत विधिमंडळातल्या भाषणांची आठवण किती जणांस होत असेल, कोण जाणे.) १० नोव्हेंबर १९३८ रोजी या पक्षाचे प्र. ज. रोहम यांनी ठराव मांडला की, सरकारने संततिनियमनाचा जनतेत जोराने प्रचार करावा व त्याची साधने पुरवावीत. भाषण आंबेडकरांनी तयार केलेले होते. लागोपाठच्या बाळंतपणांनी स्त्रीचे शरीर कसे झिजते, दारिद्र्य कसे वाढते, आणि गर्भ नको असेल तेव्हा तो टाळण्याची मोकळीक स्त्रीस का असावी, हे त्यात स्पष्ट शब्दांत होते. ज्या काळी र. धों. कर्व्यांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकापायी कोर्टाची पायरी चढावी लागली आणि ज्या काळी गांधीजी संयम हाच एक उपाय सांगत होते, त्या काळी ठरावाचे काय होणार हे मांडणाराही ओळखून असणार. ठराव फेटाळला गेला.

मग तो मांडलाच कशासाठी? येथे धुळ्याच्या तुरुंगाची आठवण होते. १९३२ साली तेथे विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे सर्वश्रुत आहे. हरणाऱ्या ठरावाचे समर्थन निष्काम कर्म म्हणून करण्याचा मोह कोणासही होईल. मला ते पटत नाही. विरोधी सभासदास फळ हवेच असते, आणि ते हवे असणेच योग्य; बाळंतिणीचा जीव वाचावा ही इच्छा आसक्ती ठरत असेल, तर तशी अनासक्ती न लाभलेलीच बरी. त्या प्रसंगाचा अर्थ लागतो तो गीतेच्या चौथ्या अध्यायातील दुसऱ्याच विचाराने, की कर्म न करणे हेही पुष्कळदा कर्मच असते. मागणी झालेली नसते तोवर सरकारची निष्क्रियता नुसती परिस्थिती असते. तिला कर्ता नसतो, म्हणून ती प्रारब्धात सहज जमा होते. ठराव सभागृहापुढे आला, मते मोजली गेली, ‘नाही’ म्हणणाऱ्यांची नोंद झाली, की तीच निष्क्रियता क्रियमाण होते आणि तिला नावानिशी कर्ते लाभतात. सत्तेवाचून विरोधकास दुसरे काही करता येत नसले, तरी न केलेल्या गोष्टीस केलेली गोष्ट म्हणून दप्तरी लावणे त्याच्या हाती असते.

पैसा नाही, हा सरकारपक्षाचा जबाब नेहमीचाच, आणि तो सर्वस्वी खोटाही नसतो. पण त्याच मंत्रिमंडळाने दारूबंदीपायी आबकारीचे उत्पन्न सोडावयाची तयारी दाखविली होती. अर्थात तिजोरी रिकामी नव्हती, खर्चाचा क्रम ठरलेला होता. आणि हा क्रम ठरविणे हेच राज्यकर्त्याचे कर्म. याच न्यायाने सभात्यागाची हल्लीची हौस मला घातक वाटते. १९५७ साली खानदेशाने पूर्व भागातून नौशेर भरुचा आणि धुळ्यातून उत्तमराव पाटील असे दोघे विरोधक लोकसभेत धाडले होते, ते काही घोषणा देऊन बाहेर पडण्यासाठी नव्हे. विरोधक उठून गेला की सरकारचे न करणे पुन्हा निनावी होते. आणि विचारावयाचे अजून किती तरी बाकी आहे: १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने कारखाना, खाण, मळा यांतील स्त्रीची तरतूद केली, परंतु चोपडा-शिरपूरकडे पोट सांभाळीत ओटीत कापूस वेचणारी, वजनावर मजुरी घेणारी बाई त्या कायद्याच्या हद्दीबाहेरच राहिली.

या विचारातून आंबेडकरांनाही सूट नाही. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले; दुसऱ्याच वर्षी खाणीतील स्त्रियांच्या प्रसूती-भत्त्याचे दुरुस्ती बिल त्यांनी चालविले, आणि त्याच वर्षी युद्धकाळच्या कोळशाच्या टंचाईमुळे स्त्रियांना जमिनीखाली कामास लावण्यावरची बंदी सरकारने उठविली. ८ फेब्रुवारी १९४४ रोजी मध्यवर्ती असेंब्लीत त्यावर तहकुबी सूचना आली, आणि एके काळी इतरांस जाब विचारणाऱ्या या सभासदास सरकारी बाकावरून कैफियत द्यावी लागली की, ही उपाययोजना आणीबाणीची व तात्पुरती आहे, आणि स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल. ती बंदी १९४६ मध्ये पुन्हा अमलात आली.