एकट्याने म्हणजे काय?

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी आम्ही सायकल शिकलो आणि सहा महिने नांदेडच्या रस्त्यांवर सराव केल्यावर माघातल्या एका पहाटे एकटेच लातूरला निघालो. अंतर सुमारे १४० किलोमीटर. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटर उंच, तर लातूर ६३०च्या घरात. वाटेत चढ अधिक, हे नकाशावरून आम्हांस ठाऊक होते. पायांस मात्र ते लोहा मागे पडल्यावर कळले.

अहमदपूरच्या अलीकडे एका चढावर गुडघ्यांनी साफ नकार दिला. तुरीची पोती घेऊन चाललेल्या एका तरुणाने पिकअप थांबवून म्हटले, "मामा, टाका की सायकल गाडीत. म्होरं लई चढ हाय." आम्ही नको म्हटले, आणि बसलो. आठ किलोमीटर गेल्यावर वस्ती दिसू लागली, तेव्हा घाईने म्हणालो, "इथंच उतरवा." दिवेलागणीस लातूर गाठले. पुढे महाविद्यालयात आमचे कौतुक झाले. 'एकट्याने' हा शब्द तेथे वारंवार उच्चारला गेला, आणि आम्ही तो खोडला नाही.

येथे दोष नेमका कोठे घडला? साहाय्य घेण्यात तर खासच नव्हे. रस्ता दुसऱ्यांनी बांधला, पाणी टपरीवाल्याने दिले. त्याची लाज आम्हांस वाटली नाही. मग या आठ किलोमीटरांचीच का वाटावी? कारण आम्हांस लातूर नको होते, तो शब्द हवा होता. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवरून जगप्रदक्षिणेस निघाले. १९२८ साली ती पुरी करून परतले ते तिघेच. वाटेत थांबलेल्यांस कोणी लबाड म्हणत नाही, कारण थांबणे त्यांनी लपविले नाही. उलट १९०४च्या फ्रान्समधील प्रख्यात शर्यतीत गैरमार्ग अवलंबिल्यावरून पहिले चौघे बाद झाले आणि पाचवा आलेला एकोणीस वर्षांचा आँरी कोर्ने विजयी ठरला. आगगाडीचा व मोटारीचा आश्रय घेतल्याचे आरोपही त्या शर्यतीत झाले होते. आगगाडीत बसणे हे काही पाप नव्हे. बसून न बसल्याचे श्रेय घेणे हे पाप.

कोणी म्हणेल, आमची शर्यत नव्हती, पारितोषिक नव्हते; मग कोणाचे काय बुडाले? आम्हीही बरेच दिवस असेच मनास समजावीत होतो. पुढे आमचा एक विद्यार्थी त्याच वाटेने एकटा निघाला आणि अर्ध्यातून परतला. खालच्या मानेने तो म्हणाला, "सर, त्या चढावर मला उतरावं लागलं. तुम्ही या वयात कसे चढलात?"

त्या क्षणी आम्हांस उमगले की कोणाचे काहीच बुडाले नाही, हे खरे नव्हे. एक तर तो पिकअपवाला आमच्या कथेतून पुसला गेला होता. दुसरे असे की, हा मुलगा आपले बळ आमच्या खोट्या मापाने मोजून स्वतःस दुबळा ठरवीत होता. असत्य हे बोलण्यातच असते, असे आम्ही वर्गात शिकवीत आलो. पण आमचे असत्य, "इथंच उतरवा" या निरुपद्रवी वाक्यात, कोणी काही विचारण्यापूर्वीच जन्मले होते. ज्या घडीस आपण साक्षीदार टाळतो, त्याच घडीस आपण खोटे बोलू लागतो.

एकट्याने जाण्याचे मोल आम्ही नाकारीत नाही. सोबत असली की आपले किती व परक्याचे किती, हा हिशेब होत नाही. एकटेपणी तो चोख होऊ शकतो. मात्र तो मांडणाराही आपणच असल्याने प्रामाणिकपणाखेरीज त्यास दुसरा तपासनीस नाही.

त्या मुलास आम्ही सारे सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला, मग हसून म्हणाला, "म्हणजे सर, तिथं तुम्हीही उतरला होता!" त्याच्या मुद्रेवर जो दिलासा दिसला, तो आमच्या कौतुकाच्या सभेत आम्हांस कोठेही दिसला नव्हता.