'क्लोज्ड' म्हणजे सुटलं का?

बिरवाडीजवळच्या एमआयडीसीत पहिली नोकरी लागली, तेव्हा एका पंपाची गळती मी तीनदा 'क्लोज' केली. दर वेळी मेल गेला, सही झाली, रकाना हिरवा झाला. चौथ्यांदा त्याच पाण्यावरून आमचा एक हेल्पर घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. फक्त मेल पाठवल्यावर पंपाजवळ जाऊन बघितलं नव्हतं.

त्या दिवसांत महाडला गेलो की चवदार तळ्याच्या काठी बसायचो. तळ्याचा इतिहास शाळेत पाठ केलेला, पण तारखा ओळीने कधी लावल्या नव्हत्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. प्रश्न क्लोज्ड! आणि विरोधामुळे ठराव कागदावरच राहिला.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले, पाणी प्यायले. त्यांनी नवा ठराव मागितला नाही, जुना खरा आहे का ते पाहिलं. उत्तर लगेच मिळालं. परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठरावच मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल बाजूने लागायला १९३७ उजाडलं.

मग हा उपाय 'इफेक्टिव्ह' कसा? ओंजळभर पाण्याने भांडण वाढलंच की! मलाही आधी तसंच वाटायचं. पण १९२४ ते १९२७ ची ती शांतता कुणाची होती? ज्यांच्या घरात पाणी होतं त्यांची. भांडण नव्याने लागलं नाही, झाकलेलं उघडं पडलं.

पंपाची गळती आणि माणसाचा हक्क एका तराजूत घालायचे नाहीत. तरी एक गोष्ट मी तिथून उचलली: प्रश्न सुटला की नाही, हे रजिस्टर लिहिणाऱ्याने ठरवायचं नसतं. ज्याला झळ बसते, त्याला विचारायचं.

आता 'क्लोज्ड' लिहिण्याआधी मी फरशी पुसणाऱ्या मावशींना विचारतो, "मावशी, पाणी येतंय का अजून?" त्या "येतंय" म्हणाल्या, की रकाना लालच राहतो. साहेबांना ते आवडत नाही.