उघडं दार

विश्रामबागच्या नाक्यावर ‘माणूस सरळ आहे’ असं कुणी म्हटलं की बरं वाटतं. ख्रिस्ती माणसालाही वाटतं. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचा असाच लौकिक 1893 साली पुण्यात पणाला लागला. शारदा सदन या त्यांच्या निवासी शाळेतल्या काही मुली त्यांच्या खोलीत ख्रिस्ती प्रार्थनेला येऊन बसत. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे-भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली नेल्या. सदन धर्माबाबत तटस्थ राहील असं आश्वासन होतं, त्यामुळे टीकाकारांची शंका मला अगदीच खोटी वाटत नाही. खोलीचं दार लावून घेतलं असतं, तर बोभाटा कदाचित निवलाही असता. बाईंनी ते उघडंच ठेवलं. सक्ती नाही, तशी लपवाछपवीही नाही. पुण्यातला लौकिक गेला. पुढे दुष्काळात शेकडो निराधार मुलींना त्यांनी केडगावी आसरा दिला.