काचेचा संग्रह आणि अपरिग्रह

हाताने फुंकलेल्या काचपात्राला कारागिराच्या श्वासाने येणारा आकार तंतोतंत पुन्हा घडत नाही, हेच संग्राहकाला मोहवते. पण असा संग्रह अपरिग्रहाशी, म्हणजे साठा न करण्याच्या जैन व्रताशी, जुळतो काय? जैन परंपरेतील ‘तत्त्वार्थसूत्र’ परिग्रहाचे मूळ वस्तूत नव्हे, तर मूर्च्छेत, म्हणजे वस्तूविषयीच्या ममत्वात पाहते, आणि गृहस्थाला सर्वत्याग नव्हे, तर परिग्रहपरिमाण, म्हणजे मालकीची स्वतः आखलेली मर्यादा, सांगितलेली आहे. तडा जाईल या भीतीने पात्र उजेडातही न आणणाऱ्याची मर्यादा मोजक्या नगांतही ओलांडली जाते. उलट इंदूरच्या सेठ हुकुमचंदांनी कांच मंदिर काचेने मढवले, तेव्हा ते वैभव दर्शनाला येणाऱ्या सर्वांचे झाले, आणि हा मार्ग निःसंशय अधिक निर्दोष आहे.