सगळीकडून सारखं, तरी गोल नाही

चौकोनी भोक हवं असेल तर सुतार आधी सामत्याने गोल भोक पाडतो आणि मग पटाशीने कोपरे काढतो. फिरणाऱ्या हत्याराने थेट चौकोन निघेल, हे पटकन पटत नाही. पण हॅरी वॉट्स या अभियंत्याने १९१७ साली अमेरिकेत अशा ड्रिलची पेटंटं मिळवली.

त्यामागची आकृती कंपासने काढता येते. समभुज त्रिकोणाच्या प्रत्येक कोपऱ्यावर कंपासचं टोक ठेवून उरलेले दोन कोपरे कंसाने जोडायचे. हा फुगीर त्रिकोण जर्मन अभियंता फ्रान्झ रूलो यांच्या नावाने ओळखला जातो. कसाही फिरवा, त्याची रुंदी बदलत नाही. म्हणून चौकोनात तो चारही बाजूंना टेकून फिरतो आणि चौकोनाचा सुमारे ९८.८ टक्के भाग झाडून काढतो. कोपरे तेवढे किंचित गोलसर राहतात. मात्र फिरताना त्याचं केंद्र जागेवर राहत नाही. त्यामुळे ड्रिल सरकू देणारं चक लागतं आणि वर चौकोनी खाचेची मार्गदर्शक पट्टी.

मला या करामतीहून तिची दुसरी बाजू मोलाची वाटते. पातळ पत्र्यात साधं दोन धारांचं ड्रिल घातलं की टोक आरपार जाताच त्याचा आधार सुटतो, ते डगमगतं आणि भोक तीन कोपऱ्यांकडे झुकतं. अशा भोकाचा व्यास कुठूनही घ्या, जवळजवळ सारखाच येतो. अशाच तीन कोपऱ्यांकडे झुकलेल्या शाफ्टला फीत गुंडाळूनही दोष सापडत नाही: एकाच स्थिर रुंदीच्या सगळ्या आकृत्यांचा परीघ सारखाच असतो, हे गणितज्ञ बार्बिए यांनी १८६० मध्येच सिद्ध केलं होतं. चॅलेंजर अवकाशयानाच्या अपघाताच्या चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी हाच मुद्दा काढला: व्यास सारखे आले म्हणजे भाग गोल असतो असं नाही. रॉकेटचे भाग तीन व्यास मोजून गोल ठरवले जात होते. अपघाताचं कारण ते नव्हतं, पण तपासणी अपुरी होती.

दिल्लीत पुसा भागातली राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा देशाची लांबीची मानकं सांभाळते. तिथल्या मानकांशी पडताळलेला मायक्रोमीटरही अशा शाफ्टवर पूर्ण खरं बोलेल. चुकेल तो त्याला विचारलेला प्रश्न. फरिदाबाद, ओखल्याच्या वर्कशॉपमध्ये जॉब तपासणाऱ्यांना म्हणूनच सांगणं आहे: शाफ्ट व्ही-ब्लॉकवर ठेवा, वर डायल लावा आणि एक पूर्ण फेरी द्या. भोकासाठी तीन टोकांचं बोअर गेज वापरा. काटा हलला, तर तो जॉब गोल नाही.