कुंपणातले खिंडार

छोट्या आगगाडीचे इंजिन विकत मिळते, डबे मिळतात, रूळही मिळतात. कुंपणही मिळते म्हणा, पण ते खेळण्यातले दिसते. खऱ्यासारखे हवे असेल तर हातानेच करावे लागते. गेले दोन महिने मी तेच करीत बसलो आहे.

प्रमाण एकास शहात्तर. साडेचार फुटांचा खांब या हिशेबाने 18 मिलिमीटरांचा होतो. आगपेटीतली काडी सुमारे 2 मिलिमीटर जाडीची, म्हणजे खऱ्या जगातला सहा इंची सोट. जुनी स्लीपर चिरून पुरलेला खांब तेवढाच दिसतो. काडी आधी कडक चहात बुडवायची. मग, ज्यात लोखंडी घासणीचा तुकडा काही दिवस भिजत ठेवला आहे, अशा व्हिनेगरचा हात तिच्यावरून फिरवायचा. चहातला तुरटपणा आणि लोखंड यांचे संगनमत होते आणि कोरी काडी बघता बघता चाळीस पावसाळे खाल्लेल्या लाकडासारखी करडी पडते. तारेपाशी मात्र अडले. शिवणाचा दोरा इथे दोरखंड वाटतो. खरी तार चार-पाच मिलिमीटरांची. तिला शहात्तराने भागले की हाती उरतो माणसाचा केस! तेव्हा आमच्या घरातून फणीतले पिकलेले केस मागून घेतले. ‘आता एवढेच राहिले होते,’ असे म्हणत हिने ते दिले.

तासाभरात चाळीस वर्षे! हाच उद्योग एखाद्याने देवाच्या मूर्तीवर करून ती पेशवाईतली म्हणून विकली, तर त्याला आपण लबाड म्हणू. मला कोणी म्हणत नाही, कारण मी काही विकत नाही आणि हे सारे लटके आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. पण फसवणूक नसली म्हणजे खरेपणा आला, असे थोडेच आहे?

हा नाद ज्या इंग्लंडात वाढला तिथे रॉय इंग्लंड नावाचा एक ऑस्ट्रेलियन गृहस्थ 1925 साली आला. व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यातली जुनी खेडी डोळ्यांदेखत पालटताना त्याने पाहिली, आणि निदान याच लहान प्रमाणात ती जपून ठेवायचे मनावर घेतले. लाँग विटनम गावी 1954 साली सुरू झालेले त्याचे पेंडन म्युझियम आजही आहे. तिथली घरे खऱ्या घरांवरून केलेली आहेत. खेळणे आणि साक्ष यांतला फरक मला तिथे दिसतो.

त्याच देशात 1845 च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांवर रुळांलगत कुंपण घालण्याचे बंधन आले; हेतू हा की शेजारच्या शेतकऱ्याची गुरे रुळांवर येऊ नयेत. कुंपण म्हणजे शेजाऱ्याला दिलेला शब्दच. नवशिके शोभेसाठी मधलीच एखादी फळी मोडून ठेवतात. पण कुंपण शोभेसाठी मोडत नसते. तिथे रोज एखादे जनावर अंग घाशीत असते, नाही तर कोणाला तरी पलीकडे जायचे असते.

माझे कुंपण आमच्या लहानपणच्या स्टेशनचे आहे, आणि त्यात एक खिंडार होते. फाटकावरून बाजाराला जायचे तर मैलभर वळसा. म्हणून सगळे गाव तिथूनच जाई. आम्ही शाळेला, गडी कामाला, आणि भाजीची पाटी घेऊन एक बाई. सारे गाव तिला आत्या म्हणे. मी सहावीत असताना पावसाळ्यातल्या एका पहाटे मालगाडी आली, आणि डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेल्या आत्याला ती ऐकू आली नाही. नंतर तिथे नवी तार लागली. पंधरा दिवसांत ती पुन्हा वाकवलेली होती. तिसऱ्या दिवशी तिथून गेलेल्यांत मीही होतो.

हे खिंडार करायचे की नाही? न केले तर साऱ्या कुंपणाला पाजलेला चहा फुकट. करड्या रंगाचे खरेपण आणून नेमके खरे तेवढे झाकल्यासारखे होईल. मी ते केले. दोन खांब तिरके केले, खालची तार सोडली, येण्याजाण्याने गवत झिजून पडणारी पायवाटही काढली.

हिने चष्मा लावून पाहिले. तिला आत्याची हकीकत माहीत आहे. म्हणाली, “अहो, माझे केस आहेत ते. बुजवून टाका. इथे तरी तिला वळशाने जाऊ द्या.”

“मग ते आमचे गाव राहणार नाही.”

“न राहू दे,” ती म्हणाली. “तुम्हाला गाव हवे आहे. मला ती बाई हवी आहे.”

साक्ष द्यायची ती कोणासाठी, हा प्रश्न मी स्वतःला तोवर विचारलाच नव्हता. मेलेल्या माणसाशी इमान राखायचे म्हणजे त्याचे मरण जसेच्या तसे मांडायचे, की हाती आयते एक जग आले आहे तर त्यात त्याला वाचवायचे? आठवणीचे म्हणणे एक, मायेचे दुसरे. आणि दोघींनाही खोटे म्हणवत नाही.

परवा नातवंडांनी अंगणात किल्ला केला. धाकट्याने त्यातली मातीची गवळण आणून माझ्या स्टेशनवर उभी केली. ती खांबांच्या दुप्पट उंच आहे, आणि उभी आहे ती खिंडाराच्या बरोबर समोर. “आजोबा, ही कुठून जाणार?” त्याने विचारले.

मी उठून आधी गाडीचे बटण बंद केले.