मुलाखत आणि साक्षात्कार

'मुलाखत' हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आला, आणि पेशवाईतील पत्रव्यवहारात तो निव्वळ भेटीच्या अर्थाने वावरत होता. दोन सरदारांची मुलाखत झाली म्हणजे दोघे एकमेकांस भेटले. त्यांत एक परीक्षक व दुसरा परीक्षार्थी असा भेद अभिप्रेत नसे. पुढे नोकरीच्या उमेदवारास समोर बसवून प्रश्न विचारण्याची रीत पडली व हा शब्द त्या कामी जुंपला गेला. येथे जयपुरात 'मुलाकात' अजूनही साध्या भेटीलाच म्हणतात. नोकरीच्या मुलाखतीला सरकारी कागदावर शब्द आहे तो 'साक्षात्कार'. महाराष्ट्रातून नव्याने बदलून आलेल्या माणसास एखाद्या तरुणाने 'मंगळवारी माझा साक्षात्कार आहे' असे सांगितले, की तो क्षणभर गोंधळतो. आपल्या कानाला साक्षात्कार हा संतांस होतो, आणि तो मंगळवारी सकाळी दहा वाजता, मूळ प्रमाणपत्रांसह, होत नाही.

शब्दाची गंमत सोडून दिली तरी तिच्या पोटातील प्रश्न सोडून देता येत नाही. पंधरा-वीस मिनिटांत माणूस साक्षात दिसतो, असे ज्याअर्थी आपण धरून चालतो, त्याअर्थी त्या पंधरा मिनिटांसाठी माणसाने स्वतःला सजवून मांडावे की नाही? आपली छाप पडावी म्हणून केलेली तयारी शिष्टाचारात मोडते की असत्यात?

आपल्यापैकी कित्येकांना हा प्रश्न आता इतिहासजमा झाला असे वाटेल. १५ ऑगस्ट २०१५ रोजी लाल किल्ल्यावरून झालेल्या भाषणात खालच्या श्रेणीच्या नोकऱ्यांसाठी मुलाखती कशाला, असा प्रश्न पंतप्रधानांनी उपस्थित केला, आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या 'क' गटातील व 'ब' गटातील अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद झाल्या. मी त्यानंतर भरती झालेल्यांपैकी आहे. माझा चेहरा, माझा सदरा, माझे उच्चार यांपैकी काहीही न पाहता सरकारने मला कामावर घेतले. याचे समाधान मला आजही वाटते. तथापि मुलाखत गेली म्हणून पहिली छाप गेली नाही. ती केवळ रुजू होण्याच्या दिवसावर ढकलली गेली. ज्यांना दर तीन-चार वर्षांनी बिछाना गुंडाळावा लागतो त्या आपल्या वाचकांस हे सांगावयास नको. प्रत्येक बदली ही एक मुलाखतच असते, आणि तीत प्रश्न कोणी विचारीत नाही, फक्त गुण देतात.

त्यातून आपण मराठी. जयपुरात त्रिपोलिया बाजारापाशी ईसरलाट नावाचा उंच मनोरा उभा आहे. सवाई ईश्वरीसिंहाने तो १७४९ साली आपल्या विजयाप्रीत्यर्थ बांधविला. पुढल्याच वर्षी, डिसेंबर १७५० मध्ये, खंडणीच्या थकबाकीसाठी होळकरांची फौज शहरावर चालून येत असता त्याने आत्महत्या केली. आणि जानेवारी १७५१ मध्ये शहरात शिरलेल्या मराठ्यांची नागरिकांनी मोठी कत्तल केली. आज येथील कोणी हे आपल्यापुढे काढीत नाही. लोक अगत्यशील आहेत, आणि तसे पाहिले तर त्यांनाही ते फारसे आठवत नाही. परंतु त्या मनोऱ्यावरून जाताना मनात येतेच, की माणूस पोहोचण्यापूर्वी त्याची छाप पोहोचलेली असते, आणि ती त्याने स्वतः पाडलेली असतेच असे नाही.

हा विचार मनात घोळू लागण्यास कारण झाला तो आमच्या शेजारी भाड्याची खोली घेऊन राहणारा एक मुलगा. गोपालपुरा बायपासच्या शिकवणी-वर्गांत असे हजारो तरुण येतात. सीकर, झुंझुनू, नागौर येथून येतात, दाटीवाटीने राहतात व वर्षांमागून वर्षे परीक्षा देतात. हा मुलगा मात्र जवळच्या बगरूचा, जातीने छीपा, म्हणजे लाकडी ठशांनी कापड छापणाऱ्यांच्या घरातला. राजस्थान प्रशासकीय सेवेची लेखी परीक्षा तो उत्तीर्ण झाला होता. त्या परीक्षेत लेखी भागास ८०० आणि मुलाखतीस १०० गुण असतात, व मुलाखत अजमेरला आयोगाच्या कार्यालयात होते. तयारीसाठी वर्गवाल्यांनी त्याची लटकी मुलाखत घेतली. दार किती उघडावे, खुर्चीच्या कोणत्या बाजूने बसावे, उत्तर येत नसेल तर कोणत्या स्वरात दिलगिरी व्यक्त करावी, हे सारे शिकविले. येथवर ठीक होते. मग सांगितले, की वडिलांचा धंदा विचारला तर 'हस्तशिल्प उद्योग' असे सांग. आणि छंद विचारला तर 'छायाचित्रण' सांग, तो चांगला दिसतो. मुलाने जन्मात कॅमेरा हाती धरला नव्हता. तो रात्री माझ्याकडे आला व म्हणाला, "भाईसाहब, ही दोन्ही उत्तरे खोटी आहेत, की एकच?"

मला हा प्रश्न आयोगाच्या कोणत्याही प्रश्नाहून अवघड वाटला. कोटाचा मुद्दा सोपा आहे. त्या मुलाने मित्राचा कोट उसना घेतला होता, आणि त्यात असत्य काही नाही; कोट आपला आहे असे कोणी म्हणत नाही, कोणी विचारीतही नाही. कोणाच्या घरी जावयाचे तर आई आपले तोंड धुऊन, भांग पाडून, घडीचे कपडे घालून पाठवीत असे, ते आपण रोज तसेच असतो हे भासविण्यासाठी नव्हे, तर ज्याच्याकडे जावयाचे त्याचा मान राखण्यासाठी. स्वच्छ कपडे, वेळेवर येणे, नमस्कार करणे, समोरच्याचे बोलणे पुरते ऐकून मग बोलणे, ही छाप नव्हे, हा मान आहे, आणि तो खरा असू शकतो. छायाचित्रणाचा छंद मात्र सरळसरळ खोटे आहे. ऐकणाऱ्याने त्यावरून तर्क करावा एवढ्यासाठीच तो सांगितलेला आहे.

'हस्तशिल्प उद्योग' या दोन शब्दांपाशी मी अडलो. अक्षरशः ते खरे आहे. परंतु वडिलांचे मनगटापर्यंत निळीने रंगलेले हात त्या शब्दांत दिसू नयेत, हाच त्या शब्दांचा हेतू. मी त्याला म्हणालो, की खोटेपणा शब्दात नाही, लपविण्यात आहे. यावर तो म्हणाला, "मी लपवीत नाही. ते पाहतील की काय, याची मला भीती आहे." या वाक्याने दोष कोणाकडे जातो हे मला प्रथम दिसले. भिणाऱ्याने लपविले तर त्याला आपण असत्यवादी म्हणतो. ज्याच्यामुळे भ्यावे लागले त्याला काय म्हणावयाचे?

आपल्याकडे मुलगी पाहण्याची चाल होती. कांदेपोह्यांच्या बशा हिंडत, आणि मुलीला चालून दाखव, वाचून दाखव, सुईत दोरा ओव, असे सांगत. त्याची आज आपल्याला लाज वाटते, आणि योग्यच वाटते. ती मुलगी रंग उजळ दिसावा म्हणून पावडर लावून येई, शिवणकाम येते असे सांगे, व लग्नानंतर शिवणयंत्र धूळ खात पडे. त्या पावडरीबद्दल तिला कोणी फसवी म्हटले तर आपण आज त्या म्हणणाऱ्यालाच विचारू, की गोऱ्या रंगाची अट कोणाची होती? नोकरीच्या मुलाखतीत हाच न्याय आपण लावीत नाही. 'तुम्हाला या सेवेत का यावयाचे आहे?' असे विचारतात. 'घरी कर्ज आहे, पगार नियमित आहे, आणि काम मी प्रामाणिकपणे करीन' हे बहुतेकांचे खरे उत्तर. ते दिले तर गुण जातील या भयाने प्रत्येक जण देशसेवा सांगतो. ऐकणाऱ्यालाही ते माहीत असते. अशा वेळी खरे उत्तर ज्याने महाग करून ठेवले त्याच्याकडे त्या असत्याचा मोठा वाटा जातो, असे माझे मत झाले आहे.

दिसणे हे दिसणाऱ्याच्या हाती किती थोडे असते, याचे आपल्या इतिहासातील उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी तरुण आंबेडकरांना समोर बसवून प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली, आणि शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस पाठविले. त्या बदल्यात दहा वर्षे बडोदे संस्थानची चाकरी करावयाची असा करार झाला. ही मुलाखत जितकी यशस्वी झाली तितक्या फार थोड्या झाल्या असतील. १९१७ साली विद्या घेऊन तेच गृहस्थ बडोद्यास नोकरीवर आले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले, तेथून लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. आणि कचेरीतील शिपाई विटाळ नको म्हणून कागद लांबून टाकीत. माणूस तोच. महाराजांना त्याची बुद्धी दिसली. शिपायांना जेवढे दिसत होते तेवढेच पुरेसे वाटले. धर्मशाळेत दुसरे नाव सांगावे लागले, याबद्दल आंबेडकरांना दोष देण्यास आज कोणी धजेल असे मला वाटत नाही.

बगरूच्या त्या मुलाच्या वडिलांकडे मी पुढे एकदा गेलो होतो. ठसा उठतो म्हणजे काय होते हे त्यांनी दाखविले. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवितात. मग गंजलेले लोखंड व गूळ आंबवून केलेल्या द्रवाने त्यावर ठसा मारतात, तेव्हा तो काळा होतो. हिरडा नसलेल्या कापडावर तोच ठसा, तोच द्रव, तोच हात असूनही काळा रंग येत नाही. आपण मात्र छाप पाडणाऱ्याचेच कौतुक करतो किंवा त्यालाच नावे ठेवतो. ज्यावर ती पडली ते कापड आधी कशात भिजवून ठेवले होते, हे पाहत नाही.

न्यायालयांनी हे पाहिले आहे, आणि ते वाचण्यासारखे आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० व मुलाखतीला ५० गुण होते, आणि एकेका मुलाची मुलाखत दोन-तीन मिनिटांत, वडील कोण व राहता कोठे एवढे विचारून, उरकली जाई. १९८० साली अजय हासिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलाखतीसाठी एवढे गुण ठेवणे मनमानीचे ठरविले, व १५ टक्क्यांहून अधिक गुण असू नयेत असे म्हटले. पुढील वर्षी लीलाधर विरुद्ध राजस्थान राज्य हा खटला आला. तो येथल्याच मुन्सफांच्या भरतीचा होता, आणि मुलाखतीस एकूण गुणांच्या २५ टक्के होते. ते मात्र न्यायालयाने मान्य केले. शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोराची गोष्ट निराळी. न्यायाधीश व्हावयास निघालेल्या प्रौढ माणसाचा नुसता कागद तपासून भागत नाही, माणूसही पाहावा लागतो, असा त्याचा आशय. मला ही बाजूही खरी वाटते. उद्या ज्याच्यापुढे भांडणारी दोन माणसे उभी राहणार, तो समोरच्याचे ऐकून घेतो की मध्येच तोडतो, हे उत्तरपत्रिकेत कसे कळावे? १९८५ साली हरियाणाच्या खटल्यात ही टक्केवारी १२.२ वर आणण्यास सांगण्यात आले. आज संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत २०२५ गुणांपैकी २७५ व्यक्तिमत्त्व-चाचणीला आहेत, आणि घेणाऱ्या मंडळास उमेदवाराचे लेखी गुण कळू दिले जात नाहीत. हे सगळे आकडे म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यावरील अविश्वासाचे मोजमाप आहे. तो अविश्वास अकारण नाही. जुलै २०२१ मध्ये याच राज्यात, मुलाखतीत चांगले गुण मिळवून देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून आयोगाच्याच एका कनिष्ठ लेखापालास लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने अटक केली.

मुलगा अजमेरला जाऊन आला. छायाचित्रण त्याने सांगितले नाही. वडील काय करतात असे विचारले, तेव्हा 'कापड छापतात' असे त्याने सांगितले, आणि मंडळातील एका सभासदाने हिरड्याविषयी दोन प्रश्न विचारले. गुण मध्यम पडले, व गुणानुक्रमे त्याला हवी ती सेवा न मिळता दुसरी मिळाली. खरे बोलल्याने गुण वाढले की घटले हे सांगण्यास काही आधार नाही, आणि मी त्याच्यापाशी तो विषय काढीतही नाही.

मला अधिक विचार पडतो तो आपला. टेबलाच्या अलीकडे उभे राहण्याची पाळी आपल्यावर एकदा येते. पलीकडे बसण्याची रोज. निवृत्तिवेतनाचे काम असलेल्या खोलीत ढुंढाडी बोलणारी, घुंघट ओढलेली म्हातारी येते, धुळीने भरलेल्या मोजड्या घातलेला म्हातारा येतो, तसाच पांढरा सफारी घातलेला निवृत्त अधिकारीही येतो. अर्ध्या मिनिटात आपली मुलाखत आटोपलेली असते. एकाला 'बैठिए', दुसऱ्याला 'कल आना'. त्यांना कोणी दार किती उघडावे हे शिकविलेले नसते, आणि त्यांच्या बाबतीत १५ टक्क्यांची मर्यादा कोणत्याही न्यायालयाने घातलेली नाही. शंभरपैकी शंभर गुण आपल्याच हाती असतात.

आमच्या विभागात एक वयस्क सहकारी आहेत, येथल्याच चांदपोल भागातले. ते आलेल्या माणसाचा कागद आधी हाती घेतात, तारखा व क्रमांक पाहून होईपर्यंत मान वर करीत नाहीत, आणि मग 'हाँ, बोलिए' म्हणतात. यात काही तत्त्व असावे असे समजून मी त्यांना एकदा विचारले. ते म्हणाले, की वाचण्याचा चष्मा लावला की समोरचा माणूस धूसर दिसतो, आणि काढला की अक्षर दिसत नाही. तेव्हा आधी एक काम उरकून घेतो. दुहेरी भिंगाचा चष्मा घ्या, असे त्यांना घरून सांगतात. ते अजून घेत नाहीत.